दहा वाजताची खूण

२ मार्च

ताई,

तोंड दाखवू नकोस म्हणालीस. पत्राला तोंड नसतं, एवढी पळवाट काढून लिहिते आहे.

अठरा तारखेला चौकशी समिती बसणार आहे. तिच्यापुढे प्रश्न एकच आहे: तुझ्या बिट्टीची दोन बोटं गेली ती कुणाच्या चुकीने? चूक तिची ठरली, तर विद्यापीठाच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये तिला पाऊल टाकता येणार नाही. तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणजे खुर्ची. वर्कशॉप नाही तर खुर्ची नाही, आणि खुर्ची नाही तर पदवी नाही. चूक वर्कशॉपची ठरली, तर वर्कशॉपची प्रमुख म्हणून मी घरी बसेन. मधली वाट नियमांत नाही.

काय घडलं ते तुला कुणी नीट सांगितलं नसेल. आमचं कापायचं मशीन म्हणजे एक मोठी काचेची पेटी. तुझ्या मशीनमध्ये सुई वरखाली होते, आमच्यात एक पातं गरगर फिरतं आणि संगणक सांगेल त्या रेघेवरून लाकूड कापत जातं. पेटीचं दार उघडलं की पातं आपोआप थांबतं. दारावर एक चुंबक असतं आणि चौकटीवर सेन्सर. चुंबक लांब गेलं की सेन्सर मशीन बंद करतो. त्या दिवशी त्या सेन्सरवर दुसरंच एक चुंबक चिकटवलेलं होतं. त्यामुळे दार उघडं असलं तरी मशीनला ते बंदच वाटत होतं. प्लायमधून कापलेलं एक अक्षर सुटून पात्याजवळ अडकलं. बिट्टीने मशीनला थांबायचा हुकूम दिला. त्या हुकमाने पात्याचं पुढे सरकणं थांबतं, फिरणं थांबत नाही. तिच्या कानांवर आवाज अडवणारे मफ होते, बाजूला भुसा ओढणारा पंखा घोंघावत होता आणि इतक्या वेगाने फिरणारं पातं डोळ्यांना उभंच दिसतं. तिने दार उघडून हात घातला.

ते चुंबक कुणी बसवलं, हे समितीला शोधायचं आहे.

मी दवाखान्यात उशिरा आले, हा तुझा राग मला मान्य आहे. अपघाताची जागा बंद करून कागद ताब्यात घेणं प्रमुखाला बंधनकारक असतं. आल्या आल्या मी तिला "मशीन थांबवलं होतंस का?" असं विचारलं, "कशी आहेस?" असं नाही. याचा मी रोज विचार करते. बोटं शिवलेल्या मुलीला हे विचारणारी बाई कोण, असं वाटतं. आणि उत्तर मिळेपर्यंत मी तिथून हलले नाही, हेही आठवतं.

समितीपुढे मी खरं तेच सांगेन. एवढ्यासाठीच हे पत्र.

तुझी धाकटी

१० मार्च

ताई,

पत्र परत आलं. पाकिटावर तुझ्या कापड आखायच्या खडूने मारलेली फुली, आणि चिकटवलेली कड जशीच्या तशी. पोस्टातल्या माणसाने ते मला देताना विचारलं, "मॅडम, पत्ता चुकला का?" मी म्हटलं, पत्ता बरोबर आहे.

खरं सांगायचं तर थोडं हलकं वाटलं. तू वाचणार नसशील, तर मला सावरून लिहायची गरज नाही. हे रोजनिशीतही लिहिता येईल, पण रोजनिशी टेबलावर उघडी पडलेली असते. समितीने मागितली तर द्यावी लागेल. बंद पाकीट कोण मागतो?

तर मागच्या पत्रात एक गोष्ट अर्धी लिहिली. चुंबक होतं हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. ते दीड वर्षं तिथे होतं. सेन्सर बिघडला होता; मशीन थरथरलं की दार उघडलं असं समजून मध्येच ते बंद करायचा आणि अख्खा प्लाय फुकट जायचा. मुलांनी त्या चुंबकाला नाव ठेवलं होतं, जावईबापू. काही करत नाहीत, नुसते बसून असतात आणि त्यांच्यामुळे घरात सगळे गप्प. "जावईबापू बसलेत ना? मग होऊ दे चालू!" हे रोजचं झालं होतं. वर्षातून एकदा बाहेरचे तपासनीस यायचे, तेव्हा जावईबापू माझ्या खणात मुक्कामाला. मीसुद्धा हसायचे.

बसवलं मीच होतं. निळ्या चिकटपट्टीने.

नव्या सेन्सरसाठी मी कार्यालयाला लिहिलं होतं. "वारंवार लिहिलं" असं समितीला सांगायचं मी ठरवलं होतं. काल फाइल काढून पाहिली. एकदाच लिहिलं होतं. तेव्हा "वारंवार" म्हणणार नाही.

आज विभागप्रमुखांनी बोलावलं. त्यांच्यापुढे माझा तपासणीचा कागद होता. त्या कागदाचं असं आहे: रोज सकाळी दहाला आणि दुपारी चारला मी मशीन तपासायचं आणि प्रत्येक गोष्टीपुढे बरोबरची खूण करायची. पट्टा, पातं, लाल बटन, दार. अपघाताच्या दिवशीही दहा वाजता "दार" या शब्दापुढे खूण आहे.

"ही खूण तुमचीच ना?"

"हो सर."

"म्हणजे दहा वाजता दार ठीक होतं. अपघात अकरा वीसला. मध्ये मशीनवर एकच मुलगी. मग चुंबक कुणी बसवलं हे विचारायला समिती कशाला हवी? दुसरीतलं पोरही सांगेल."

मी म्हटलं, "सर, खूण आहे म्हणजे..."

"मॅडम," ते म्हणाले, "खूण आहे म्हणजे खूण आहे. तुम्ही फार विचार करता. चहा घ्या."

चहा घेतला. ताई, ती खूण मी दारापाशी जाऊन केली नव्हती. खुर्चीत बसून केली होती, रोज करायचे तशीच. हे एक वाक्य मी अठराला बोलले की बिट्टी सुटेल.

बोलेन.

२० मार्च

ताई,

दुसरंही परत आलं. बरं झालं.

समितीने मला तीन प्रश्न विचारले. ते आणि माझी उत्तरं जशीच्या तशी लिहिते, म्हणजे मलाही दिसेल.

"त्या दिवशी सकाळी दाराची तपासणी झाली होती का?" मी म्हटलं, "तशी नोंद आहे."

"अपघाताच्या वेळी मशीनवर दुसरं कुणी होतं का?" मी म्हटलं, "नाही."

"विद्यार्थिनीला नियम माहीत होते का?" मी म्हटलं, "सुरक्षेच्या परीक्षेत तिला पन्नासपैकी पन्नास गुण होते."

यात खोटं काय आहे? मी रात्रभर शोधलं. एक शब्द सापडला नाही.

वर्कशॉपचे मिस्त्री बाहेर बाकावर बसले होते. बिट्टीचं नि माझं मावशी-भाचीचं नातं तिथे त्यांनाच तेवढं ठाऊक आहे. बिट्टीने तिथे मला मॅडमच म्हणायचं, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. मी विचारलं, "तुम्हाला आत बोलावलं नाही?"

"नाही बोलावलं. आणि मी कशाला जाऊ शेपूट हलवत? माझी दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला." मग म्हणाले, "पोरगी रडली नाही हो. मला वाटलं होतं रडेल."

बिट्टीने समितीला सांगितलं की चुंबक आधीपासून होतं. एकाने विचारलं, "पुरावा?" ती म्हणाली, "सगळ्यांना माहीत आहे." तिच्या वर्गातल्या तिघांना बोलावलं. तिघांनीही खाली बघितलं. सगळ्यांचे प्रकल्प अर्धवट आहेत आणि गुण माझ्या हातात. मी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं नाही.

आता तुला माहीत नसलेलं लिहिते, म्हणजे एकदाचं लिहून होईल.

त्या दिवशी ती स्वतःचं काम करत नव्हती. पाहुणे यायचे म्हणून दिशा दाखवणाऱ्या पाट्या बारापर्यंत हव्या, असा विभागप्रमुखांचा निरोप होता. दुसऱ्या मुलांना सांगायला संकोच वाटला. तिला बाजूला घेऊन म्हटलं, "तू घरची आहेस, तुलाच सांगते." ती स्वतःची खुर्ची बाजूला ठेवून लागली. सुरू करण्याआधी तिने विचारलं, "मॅडम, आज जावईबापूंना उठवू का? पाहुणे येणार आहेत."

मी म्हटलं, "राहू दे. शेवटचा प्लाय आहे, मध्ये बंद पडलं तर दुसरा कुठून आणू?"

मशीन चालू असताना वर्कशॉपच्या प्रमुखाने जवळ उभं राहायचं, हाही नियम मीच लिहिलेला आहे. मी केबिनमध्ये होते. तपासणीचा कागद भरत होते. सकाळची खूण होऊन गेली होती. मी चार वाजताच्या भरत होते. अकरा वाजून वीस मिनिटांनी. पट्टा ठीक, पातं ठीक, लाल बटन ठीक, दार ठीक. शेवटची खूण करते आहे तोवर काचेपलीकडून ओरडणं ऐकू आलं.

रुग्णवाहिका गेली. मिस्त्री तिच्याबरोबर गेले. मी केबिनमध्ये परत आले, तेव्हा तो कागद टेबलावर होता. चार वाजताच्या खुणांसकट. तो तसा कुणाच्या हाती लागला असता, तर माझी एकही खूण खरी नाही हे कळलं असतं. मी नवा कागद घेतला. आधीच्या दहा दिवसांच्या खुणा एकेक करून उतरवल्या, त्याच पेनाने, कुठे घाईची कुठे सावकाश, दिसायला खऱ्यासारख्या. त्या दिवसाचा चारचा रकाना रिकामा सोडला. जुना कागद भुसा ओढायच्या पंख्यात टाकला. याला चाळीस मिनिटं लागली.

तू दवाखान्याच्या दारात मला विचारलंस, "एवढा वेळ कुठे होतीस?"

इथे होते, ताई.

६ एप्रिल

ताई,

वीस तारखेचं पत्र अजून परत आलेलं नाही. पोस्टात चौकशी केली. "येईल मॅडम, कुठे जातंय!" असं म्हणाले.

निकाल तू ऐकलाच असशील: चूक विद्यार्थिनीची. पण ताई, मी हातावर हात ठेवून बसले नाही. विभागप्रमुखांकडे तीनदा गेले. म्हटलं, मुलगी हुशार आहे, शेवटचं वर्ष आहे, काही मार्ग काढा. त्यांनी काढला. बिट्टीने लेखी द्यायचं की चुंबक तिने बसवलं, आणि नव्या मुलांच्या सुरक्षा वर्गात स्वतः उभं राहून ते सांगायचं. त्या बदल्यात वर्कशॉप खुलं. निवेदन नंतर मागे घेतलं, तर परवानगी त्याच दिवशी रद्द.

तो मजकूर मीच लिहिला. दुसऱ्या कुणी लिहिला असता तर जास्त कठोर लिहिला असता.

काल तो घेऊन मी आले होते, हे तुला माहीत आहे. तू शिवणाच्या खोलीतून बाहेर आली नाहीस. मी होते तेवढा वेळ आतून मशीनचा आवाज येत होता. एका कपड्याला एवढी लांब शिवण नसते, हे मला कळतं.

बिट्टीने कागद वाचला. दोनदा वाचला. मग म्हणाली, "'निष्काळजीपणाने आणि हेतुपुरस्सर', हे दोन्ही एकदम कसं असेल, मावशी? एक काय ते ठेव."

मी "निष्काळजीपणाने" खोडलं. मग वाटलं, जे राहिलं ते जास्त वाईट आहे. मी म्हटलं, "उलटं करू का?"

"राहू दे आता. शेवटचा कागद असेल तुझ्याकडे."

ती हसली नाही. सही डाव्या हाताने केली. सही जुन्या सहीशी जुळत नाही, म्हणून बाजूला मला साक्षीदार म्हणून लिहावं लागलं की ही सही तिनेच माझ्यासमोर केली. ते मात्र अक्षर न् अक्षर खरं आहे.

३० जून

ताई,

आज नव्या मुलांचा सुरक्षा वर्ग होता. तीस मुलं, पिवळ्या पट्ट्यामागे ओळीने उभी. आधी मी सैल बाह्या, मोकळे केस, हातमोजे याविषयी बोलले. मग म्हटलं, आता तुमच्या एक ताई स्वतःचा अनुभव सांगतील.

बिट्टीने कागद आणला नव्हता. सगळं तोंडपाठ म्हटलं, मी लिहिलेलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. "मी हेतुपुरस्सर दाराच्या सेन्सरवर चुंबक बसवलं." मग उजवा हात वर केला. पुढची ओळ मागे सरकली.

एका मुलाने विचारलं, "म्हणजे मशीनला उल्लू बनवलं?"

"हो. मशीन बनतं."

मुलं हसली. मग चष्मा घातलेली एक मुलगी म्हणाली, "पण ताई, चुंबक तुम्हाला मिळालं कुठून?"

"सापडलं."

"कुठे?"

"जिथे ठेवलेलं होतं तिथे."

पुन्हा हसली. त्या मुलीचं समाधान झालं नाही. "आणि मॅडम कुठे होत्या?"

बिट्टी माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम कागद भरत होत्या."

त्या तीस जणांत कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मी मात्र वळून केबिनकडे पाहिलं. कारण हे तिने पाहिलेलं नाही. मशीनकडून केबिनचं टेबल दिसत नाही.

मुलं गेल्यावर ती कानांवरचे मफ गोळा करून खिळ्यांना लावायला लागली. तीन बोटांच्या हाताने ते कसं करायचं, ते तिने बसवलं आहे. मग म्हणाली, "तुझं एक पत्र आम्ही उघडलं. वीस मार्चचं. आई तेव्हा बाहेर गेली होती, पोस्टमनने माझ्या हातात दिलं."

"आणि ताई?"

"तिला वाचून दाखवलं. ती बाही लावत होती. ती पुरी केली. मग म्हणाली, हे नीट ठेव."

मी म्हटलं, "मग सही का केलीस? तेव्हा तर..."

"हो, तेव्हा माझ्या उशाशीच होतं. समितीकडे गेले असते, तर ती पुन्हा बसली असती. वर्षभर चाललं असतं. माझं वर्ष गेलं असतं. मला खुर्ची पुरी करायची आहे, मावशी. पदवीचा कागद हातात पडला की त्याच दिवशी ते पत्र मी समितीला देणार. आधीच सांगून ठेवते. मागून वार केला असं नको."

ती खरंच तुझी मुलगी आहे. तुझ्याकडे कुणी मापाला आलं, तर तू कापड कमी पडेल हे आधीच सांगायचीस. गिऱ्हाईक गेलं तरी सांगायचीस. माझी मान खाली गेली. मी म्हटलं, "तू करतेस ते बरोबर आहे." मनापासून म्हटलं.

१९ जुलै

ताई,

आता तू वाचतेस हे मला माहीत आहे, म्हणून हे पत्र विचारपूर्वक लिहिते.

बिट्टीने खुर्ची सादर केली. खुर्ची देखणी आहे. पाठीचा बाक तर असा आहे की माझ्या वीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याला जमला नाही. मिस्त्री तिच्यावर बसले, उठले, पुन्हा बसले, आणि म्हणाले, "मॅडम, ही तर डोळे झाकून पास."

डोळे झाकून मी गुण देत नाही. आधी डोळे झाकून खुणा केल्या, त्याचं काय झालं ते आपण तिघी जाणतोच. त्या दिवसापासून मी शपथ घेतली आहे की स्वतः मोजल्याशिवाय कागदावर काही उमटवायचं नाही.

म्हणून मोजलं. खुर्चीला आठ सांधे आहेत. नियमाने सांध्यात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. सहा सांधे चोख आहेत. मागच्या पायांच्या दोन सांध्यांत फट जास्त आहे, एकात बरीच. सांधा ठोकताना लाकूड उजव्या हाताने घट्ट धरावं लागतं, तिथे ती कमी पडली असणार. कारण मला कळतं. पण मोजायच्या पट्टीला कारण कळत नाही.

मी तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलं. तीनदाही तेच आलं. मग स्वतःला विचारलं: तुला ती नापास व्हायला हवी आहे का? हा प्रश्न मी टाळला नाही, ताई. दोन दिवस त्याच्यासमोर बसले. शेवटी असं ठरवलं की मला काय हवं आहे याने फट लहानही होत नाही आणि मोठीही होत नाही. भाची म्हणून दोन गुण वाढवून द्यावेत, असंही मनात आलं. पण ते उरलेल्या एकोणीस मुलांवर अन्याय करणारं ठरेल. आणि पुढे कुणी ते गुण तपासले, तर तिच्याच पदवीवर डाग लागेल.

पास व्हायला चाळीस लागतात. तिला अडतीस झाले.

यात खचण्यासारखं काही नाही. सहा महिन्यांनी खुर्ची पुन्हा सादर करता येते. तिची वर्कशॉपची परवानगी चालूच राहील, अर्थात निवेदन आहे तसं राहिलं तर. नव्या तुकडीचे सुरक्षा वर्ग आहेत, तेही तिनेच घ्यावेत असं विभागप्रमुखांना वाटतं. मुलांवर तिचा फार परिणाम होतो. परीक्षक त्याही वेळी मीच असेन. तोवर तिने कशाचीही घाई करू नये, असं मावशी म्हणून मला वाटतं. तू तिला समजावून सांग. तुझं ती ऐकते.

तू रागावशील. पण तुझ्या दुकानात वाकडी शिवण आली तर तू ती कामाला असलेल्या पोरीच्या हातून उसवून घ्यायचीस, रडली तरी. मी ते पाहत मोठी झाले.

निकाल सोमवारी फलकावर लागेल. त्याआधी घरच्यांनाही गुण कळवायची मला परवानगी नाही, म्हणून हे पत्र मंगळवारी टाकेन.

तुझी धाकटी